लिगामेंटचा एक्स-रे कुठून आणायचा?

कोपराचे क्लेम परत येत असल्याच्या तक्रारी वाढल्या आहेत. एका वाचकाने तर क्वेरीची प्रतच पाठवली. टेरिबल ट्रायडचा रुग्ण. कोरोनॉइड बांधला, रेडियल हेडला स्क्रू घातले, लॅटरल लिगामेंट हाडात छिद्रे पाडून टाक्यांनी जागेवर बसवले. योजनेच्या तपासनिसाचा शेरा : 'पोस्ट-ऑप एक्स-रेत लिगामेंट रिपेअर दिसत नाही. पुरावा जोडावा.'

आता दोऱ्याची सावली कुठून आणायची? धातूचा अँकर ठोकला असता तर फिल्मवर दिसला असता आणि बिल बिनबोभाट पास झाले असते. खर्च वाचवणाऱ्यालाच भुर्दंड! त्याच फाइलवर सीटीही नामंजूर, कारण 'फ्रॅक्चर एक्स-रेत दिसतेच आहे.' दिसते, पण अँटेरोमीडियल फॅसेटचा तुकडा साध्या फिल्मवर किती फसवतो हे २००३ च्या ओड्रिस्कॉल वर्गीकरणानंतर तरी वेगळे सांगायला नको.

पण तपासनिसावर तोंडसुख घेण्याआधी आपल्या ऑपरेशन नोट्सही पाहा. 'रेडियल हेड ओआरआयएफ डन, क्लोजर इन लेयर्स.' कोपर किती एक्स्टेन्शनपर्यंत स्थिर राहिला? प्रोनेशनमध्ये की सुपिनेशनमध्ये? चकार शब्द नाही. शिवाय पॅकेजमध्ये प्रोस्थेसिस बसत नाही म्हणून चुरा झालेले हेड काढून टाकायचे, लिगामेंटला हात लावायचा नाही, नव्वद अंशांत स्लॅब घालून सहा आठवड्यांनी बोलवायचे, असे महाभाग आपल्यातही आहेत. उरलासुरला टेकूही काढल्यावर कोपर पुन्हा निखळला किंवा आखडला, तर त्याला पॅकेज जबाबदार नाही.

फेरअपिलाची वेळच येऊ नये म्हणून पुढच्या शस्त्रक्रियेत एवढे करा. लिगामेंट दिसत नाही, पण त्याचे काम दिसते. रिपेअरआधी कोपर ३० अंशांपर्यंत सरळ करून सी-आर्मवर लॅटरल घ्या. अल्नोह्युमरल फट उघडलेली दिसेल. रिपेअरनंतर त्याच स्थितीत पुन्हा घ्या, सांधा समकेंद्री बसलेला दिसेल. दोन्ही प्रिंटवर तारीख आणि नोंदणी क्रमांक हवा. टेबलवरच ही चाचणी न करणाऱ्याने क्लेम सोडा, रुग्णाचीही काळजी करावी.

नामंजुरीची पत्रे महिनाअखेरपर्यंत कार्यालयाकडे पाठवा. योजनेच्या अधिकाऱ्यांपुढे गठ्ठा ठेवायचा आहे. आणि कृपा करून रुग्णाचे नाव खोडूनच पाठवा. या खेपेची निम्मी पत्रे तशीच आली आहेत.