कॅरमची पावडर आणि केसविकची पेन्सिल

दिवाळीत पाहुणे आले की आमच्याकडे कॅरम बाहेर निघतो. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पुण्याहून आणलेला जुना बोर्ड. मागच्या दिवाळीत मीच त्याची वाट लावली. पावडर संपत आली होती, म्हणून कडेला साचलेली, जमिनीवर सांडलेली गोळा करून पुन्हा शिंपडली. वाया कशाला घालवायची! रात्री बोर्ड पुसला, तर मधोमध बारीक ओरखडे. बाबा काही बोलले नाहीत. नुसतं बोटाने चाचपत राहिले.

बोरिक पावडर म्हणजे कोरडं वंगण. तिचे कण पत्त्यांच्या कॅटसारखे थराथरांचे. थर एकमेकांवरून सरकतात, म्हणून सोंगटी घसरते. ही पावडर मऊ. ती लाकूड ओरखडत नाही. ओरखडतो तो तिच्यात मिसळलेला वाळूचा कण. स्ट्रायकरखाली सापडला की नांगरासारखा चालतो.

हीच गोष्ट उन्हाळ्याच्या सुट्टीत लेक डिस्ट्रिक्टमध्ये पुन्हा भेटली. केसविकला पेन्सिलींचं म्युझियम आहे. जवळच्या बॉरोडेलमध्ये सोळाव्या शतकात ग्राफाइट सापडलं. तेही थरांचंच, आणि इतकं शुद्ध की कापून थेट लाकडात बसवत. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायलाही ते वापरत. पुढे युद्धामुळे फ्रान्सला हे ग्राफाइट मिळेना. तेव्हा १७९५ मध्ये निकोला-जाक काँते यांनी ग्राफाइटची पूड चिकणमातीत मिसळून भट्टीत भाजली. आजची पेन्सिल त्याच पद्धतीची: 'एच'मध्ये माती जास्त, 'बी'मध्ये ग्राफाइट जास्त.

अडकलेल्या कुलपासाठी किल्लीवर पेन्सिल घासायचा उपाय आपण सगळेच करतो. त्यात ग्राफाइट सरकवतं, पण भाजलेली माती घासते. म्हणून घरात असेल ती एच पेन्सिल नको, ६बी घ्या. कुलपांसाठी मिळणारी ग्राफाइटची भुकटी त्याहून बरी.

यंदा आमच्याकडे नियम ठरलेत. आधी बोर्ड कोरड्या, मऊ कापडाने पुसायचा. पावडर डब्यातलीच, तीही चिमूटभर. सांडलेली थेट कचऱ्यात. चकलीचे तेलकट हात बोर्डाला लावायचे नाहीत, पावडरीच्या गुठळ्या होतात. आणि खेळून झाल्यावर हात धुतल्याशिवाय फराळाला बसायचं नाही.

ओरखडे काही गेले नाहीत. पण परवा बाबांनी स्वतःच बोर्ड काढला, पुसला आणि स्ट्रायकर माझ्याकडे सरकवला. म्हणाले, "सूनबाई, ब्रेक तू कर."