मेदाची साक्ष

माणूस अंगाने भरला की तो ‘खात्यापित्या घरचा’ समजायचा, ही आपल्या समाजाची जुनी रीत. सुटलेल्या पोटात आपण समृद्धी पाहतो. शरीरशास्त्र तेथे संकटाची चाहूल पाहते. मेद म्हणजे शरीराची निव्वळ कोठी, असे पूर्वी मानले जाई. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेदपेशींतून स्रवणारे लेप्टिन हे प्रथिन शोधले आणि ही समजूत ढासळली. पाठोपाठ अॅडिपोनेक्टिनचा शोध लागला. हे प्रथिन इन्सुलिनचे साहाय्यक. परंतु पोटात मेद साचू लागला की रक्तातील त्याचे प्रमाण घटते. उलट दाह वाढविणारी प्रथिने बळावतात आणि इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो. मधुमेह प्रकट होण्यापूर्वीच रक्त अशी साक्ष देऊ लागते.

गोमंतकाने ही साक्ष कान देऊन ऐकली पाहिजे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक आढळले. दर चार प्रौढांमागे एक! आपण सडपातळ आहोत, या समाधानातही अर्थ नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, मात्र शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. वजनकाटा भारतीयांना फसवतो, तो असा.

प्रथिनांच्या या चाचण्या अद्याप मुख्यत्वे संशोधकांच्या हाती आहेत. त्या गावोगावी पोचेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. शिंप्याची मापपट्टी घरोघरी असते. पुरुषाची कंबर नव्वद सेंटिमीटर आणि स्त्रीची ऐंशी सेंटिमीटर ओलांडू लागली, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी. प्रत्येक आरोग्य केंद्रात ही दोन्ही मापे आपणहून घेतली जावीत, शाळांची मैदाने इमारतींच्या घशात जाऊ नयेत आणि शहरांतून पायी चालण्यास जागा उरावी, एवढे शासनाकडे आमचे मागणे आहे. तथापि, घरच्या ताटावर शासनाचा अंमल चालत नाही. तेथला कारभार ज्याचा त्यानेच सुधारला पाहिजे, आणि तोही रक्ताने तक्रार करण्यापूर्वी!