जल्पक की वैतंडिक?

‘त्याला ट्रोल केले’ हे वाक्य आता मराठी घरांतून सर्रास ऐकू येते. हा शब्द मासेमारीतून आला असे मानतात. आमिष लावलेला गळ चालत्या नावेमागून ओढीत नेण्यास इंग्रजीत ‘ट्रोलिंग’ म्हणतात. १९९० नंतरच्या दशकात संगणकावरील चर्चांत हा गळ नवख्यांसाठी पडू लागला. स्कँडिनेव्हियन लोककथांतला त्याच नावाचा राक्षसही मग त्या अर्थाला येऊन चिकटला.

काही मराठी वृत्तपत्रांनी त्यास ‘जल्पक’ हा प्रतिशब्द दिला. शब्द सुरेख खरा, पण न्यायसूत्रांच्या कसोटीस पुरता उतरत नाही. वादात सत्य शोधावयाचे असते. जल्पात छलानेसुद्धा आपला पक्ष जिंकावयाचा असतो. वितंडेत स्वतःचा पक्षच नसतो, केवळ दुसऱ्याचा मोडावयाचा असतो. गळ टाकणारा हा तिसरा, म्हणजे वैतंडिक होय.

हा निव्वळ काथ्याकूट नव्हे. ज्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या प्रेरणेने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा आठ भाषांचा कोश निघाला, तेथे नेमक्या शब्दाचे मोल सांगावयास नको. जल्पकाला निदान पक्ष असतो, तो पुराव्याने खोडता येतो. वैतंडिकाला उत्तर देणे म्हणजे गळ गिळणेच. नाव चुकले की उपायही चुकतो.