राखणदार कुत्र्याला वळण हवे

गोंदिया जिल्ह्यात घराची, कोंबड्यांची व धानाच्या बांधीची राखण करण्यासाठी कुत्रा पाळण्याची चाल जुनी आहे. वळण लावल्याशिवाय बैलाला कोणी औतास जुंपत नाही. कुत्र्याला मात्र दोन घास घातले की कर्तव्य संपले, असा समज दिसतो. हा समज आता सोडला पाहिजे. कुत्र्याला शिकविणे हे शहरातील श्रीमंतांचे चोचले नसून शेतकऱ्याच्या घरचे आवश्यक काम आहे.

याचे कारण जिल्ह्याच्या परिस्थितीतच आहे. महाराष्ट्रात सारस पक्षी आज प्रामुख्याने गोंदिया व शेजारच्या भंडारा जिल्ह्यांत उरला आहे. पावसाळ्यात तो तलावाकाठी किंवा धानाच्या बांधीत घरटे करतो, बहुधा दोनच अंडी घालतो व सुमारे महिनाभर ती उबवितो. मोकाट कुत्र्याने एका सकाळी घरटे मोडले, तर त्या जोडप्याचे वर्ष वाया जाण्याची भीती असते. दुसरी गोष्ट अशी की, २०१३ साली घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील माणसे मोहफुले व तेंदूपाने वेचण्यास रानात जातात. अस्वलावर धावून गेलेला कुत्रा घाबरला की धन्याकडेच पळतो, आणि त्याच्यामागून अस्वल येण्याचा धोका असतो.

म्हणून हाकेसरशी परतणारा कुत्राच खरा राखणदार होय. त्याला 'ये', 'बस', 'थांब' व 'सोड' हे चार शब्द पुरेत. घरातील सर्वांनी तेच शब्द वापरावेत. पिलू दोन महिन्यांचे होताच आरंभ करावा; मोठा कुत्राही शिकतो, पण धीर अधिक लागतो. भूक असताना, दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटे पुरेशी होतात.

'बस' शिकविताना घास नाकासमोर धरून हळूहळू डोक्यावरून मागे न्यावा. मान वर जाताच मागील भाग खाली टेकतो. त्याच क्षणी शब्द उच्चारून घास द्यावा. 'थांब' साठी बसलेल्या कुत्र्यापासून एक पाऊल सरून लगेच परतावे व घास द्यावा. 'सोड' साठी घास मुठीत झाकावा. कुत्र्याने तोंड मागे घेताच दुसऱ्या हाताने बक्षीस द्यावे. 'ये' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. लांब दोरी बांधून प्रथम अंगणात चार पावलांवरून हाक मारावी, अंतर रोज थोडे वाढवावे व नंतर बांधावर सराव करावा.

काठीशिवाय जनावर वळत नाही, असे काही जण म्हणतात. हे मत टिकणारे नाही. उशिरा परतलेल्या कुत्र्याला मारले, तर तो मार पळण्याबद्दल नव्हे, परतण्याबद्दल मिळाला असेच त्याला वाटते. पुढच्या हाकेला तो पाठ दाखवितो. शिवाय भ्यालेले जनावर चावण्याचा संभव अधिक.

शिक्षणाने सर्व काही साधते असेही नाही. पळते सावज दिसल्यावर शिकलेला कुत्राही हाक विसरू शकतो; म्हणून सारसाच्या घरट्याच्या मोसमात व रानालगत दोरी हवीच. पिसाळी रोगाची लस तीन महिन्यांच्या वयात व पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याने नियमित टोचून घ्यावी. कुत्रा चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि विलंब न करता आरोग्य केंद्र गाठावे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी व सहायक कृषी अधिकाऱ्यांनी उन्हाळ्यातच गावातील एका कुत्र्यावर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. रोवणीपर्यंत तो हाकेला येऊ लागला, की इतर शेतकऱ्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.