गालीलचे रांजण, कोहिमाचे मडके

ख्रिस्ती धर्मशिकवणुकीनुसार मद्यपान हे पाप आहे काय, या प्रश्नाला एकाच देशात, एकाच बायबलच्या आधाराने, दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. गोव्यातील सासष्टीत कॅथलिक घरच्या लग्नात वधूवरांच्या सुखासाठी पेले उंचावले जातात आणि त्याच मांडवात धर्मगुरूही बसलेले असतात; यात काही अधर्म घडतो आहे, असे कोणाच्या मनातही येत नाही. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, तेव्हा गोव्याने तो आपल्या ओळखीचा गौरव मानला. इकडे नागालँडमध्ये मात्र बाप्टिस्ट चर्च परिषदेच्या आग्रहाने १९८९ मध्ये संपूर्ण दारूबंदीचा कायदा झाला आणि आजीच्या चुलीशेजारी पिढ्यान्पिढ्या आंबत आलेले भाताचे मद्य एका फटकाऱ्यात पापही ठरले आणि गुन्हाही ठरला. देव एक, ग्रंथ एक, मग निकाल दोन कसे?

या प्रश्नाकडे आपल्याकडे दोन चुकीच्या दृष्टींनी पाहिले जाते. पहिली चूक आपल्याच मंडळींची आहे. ‘ख्रिस्ती म्हणजे बाटली’ हा चावडीवरचा विनोद इतका रुळला आहे की, तो विचाराची जागा घेऊन बसला आहे. ज्या समाजाच्या स्मृतिग्रंथांनी सुरापानाला पंचमहापातकांत बसवले, त्याच समाजाच्या वस्त्यांमधून आज दारूचे दुकान हलवण्यासाठी बायकांना मोर्चे काढावे लागतात आणि उज्जैनच्या कालभैरवाला मद्याचाच नैवेद्य दाखवला जातो, हे ध्यानात घेतले, तर दुसऱ्याच्या पेल्याकडे बोट दाखवण्याचा उत्साह जरा आवरेल. दुसरी चूक अधिक गंभीर आहे आणि ती ईशान्येतील चर्च परिषदांची आहे. मद्याचा थेंबही ओठांना लावणे हे ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने पाप आहे, असे तेथे व्यासपीठावरून सांगितले जाते आणि तो सनातन ख्रिस्ती सिद्धान्त असल्याचा आव आणला जातो. वस्तुतः हा सिद्धान्त दोन शतकांहून जुना नाही. तो गालीलात जन्मला नाही, तर अमेरिकेत जन्मला.

मूळ ग्रंथाकडेच वळू. योहानकृत शुभवर्तमानात येशूचा पहिला चमत्कार सांगितला आहे तो गालीलातील काना गावच्या लग्नघरातला. द्राक्षारस संपला, यजमानाची अब्रू जाण्याची वेळ आली आणि येशूने दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला. रांजण सहा, प्रत्येकात दोन-तीन मण पाणी मावणारे. आजच्या हिशेबाने हा ऐवज साधारण साडेचारशे ते सातशे लिटरच्या घरात जातो. तोही पाहुणे आधीच यथेच्छ प्यायलेले असताना! जे पेय स्वतःच पाप आहे, त्याची एवढी सोय धर्मसंस्थापक करील काय? बाप्तिस्मा करणारा योहान मद्य शिवत नसे, येशू मात्र लोकांच्या पंगतीत बसून खातपीत असे; म्हणूनच विरोधकांनी त्याला खादाड आणि पियक्कड म्हणून हिणवले, हेही शुभवर्तमानांनी लपवून ठेवलेले नाही. पौलाने तर तरुण सहकारी तीमथ्य याला नुसते पाणी न पिता पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घेत जा, असा सल्ला पत्रातून दिला.

याचा अर्थ बायबल मद्याची भलामण करते, असा नव्हे. नोहा पिऊन नग्नावस्थेत पडला, ती कथा शरमेचीच आहे. नीतिसूत्रांत मद्यप्याचे लाल डोळे, विनाकारण झालेल्या जखमा आणि भ्रमिष्ट बडबड यांचे वर्णन इतके नेमके आहे की, ते आपल्या कोणत्याही व्यसनमुक्ती केंद्राच्या भिंतीवर शोभेल. निवासमंडपात सेवेसाठी जाणाऱ्या याजकांना मद्य वर्ज्य होते; नाजीर व्रत घेणाऱ्याला तर द्राक्षेही वर्ज्य होती. पौल मद्यपींना देवाच्या राज्याचे दार बंद असल्याचे बजावतो. पण या साऱ्यांतून निघणारी रेषा स्पष्ट आहे. पाप आहे ते मत्त होण्यात, शुद्ध हरपण्यात, कुटुंबाचा घास पेल्यात बुडवण्यात. व्रत म्हणून त्याग करणे श्रेष्ठ असेल, पण व्रत हे व्रत असते. जे सर्वांवर लादले जाते त्याला व्रत म्हणत नाहीत.

येथे मराठी वाचकाला एक गफलत होऊ शकते. मराठी बायबलमध्ये सर्वत्र ‘द्राक्षारस’ हा शब्द आहे आणि तो वाचताना डोळ्यांपुढे येते ती उसाच्या रसासारखी ताजी, निरुपद्रवी वस्तू. आयुर्वेदाने ज्याला द्राक्षासव म्हटले असते, ते येथे द्राक्षारस झाले आहे. याच शब्दच्छलाचा आधार मद्यनिषेधवादी प्रचारकांनी अमेरिकेत घेतला. बायबलमध्ये स्तुती आहे ती न आंबलेल्या रसाची आणि निंदा आहे ती आंबलेल्या मद्याची, अशी दोन द्राक्षारसांची उपपत्ती एकोणिसाव्या शतकात तिकडच्या पंडितांनी उभी केली. मग करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळीच काहीजण नशेत असत म्हणून पौल जो संतापला, ते लोक काय ताज्या रसाने झिंगले होते? शीतकपाट नसलेल्या काळात उष्ण प्रदेशातील द्राक्षांचा रस सुगीपासून वल्हांडणापर्यंत गोड कसा राहिला असेल, हा प्रश्न त्या पंडितांना कोणा द्राक्षबागायतदाराने विचारायला हवा होता. न आंबणारा रस टिकवून बाटलीत भरण्याची युक्ती साधली ती १८६९ मध्ये, न्यू जर्सीतील व्हाइनलँड येथे, थॉमस वेल्च नावाच्या मेथडिस्ट दंतवैद्याला. त्याने पाश्चरची पद्धत वापरली आणि ती वापरण्याचा हेतूच मुळी प्रभुभोजनासाठी मद्यविरहित रस मिळावा हा होता. अठराशे वर्षे चर्चला ज्या वस्तूची गरज भासली नाही, ती वस्तू प्रथम निर्माण झाली आणि मग ती पहिल्यापासूनच होती असे सांगण्यात आले!

प्राचीन चर्चने तर नेमका उलट निवाडा दिला होता. मद्य हा पदार्थच दुष्ट आहे, असे मानणारे पंथ पहिल्या काही शतकांत होऊन गेले. द्राक्षारसाऐवजी पाण्यानेच प्रभुभोजन उरकणाऱ्यांविरुद्ध तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप सिप्रियन याने विस्तृत पत्र लिहिले. मद्याला अंधाराच्या शक्तीची निर्मिती मानणाऱ्या मानीपंथीयांशी ऑगस्टिनने वाद घातला. हे लोक चर्चच्या दृष्टीने अतिधार्मिक नव्हते, तर पाखंडी होते; कारण ईश्वराने निर्माण केलेली वस्तू मुळात वाईट म्हणणे म्हणजे ईश्वरालाच दोष देणे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांना रोजचे एक ठरावीक माप द्राक्षारस मंजूर केला. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने जाणूनबुजून मत्त होणे हे घोर पाप ठरवले, पण द्राक्षारस पिणे निषिद्ध ठरवले नाही. कॅथलिक चर्चचा १९८३ चा धर्मविधी कायदा आजही सांगतो की, मिस्सासाठी द्राक्षांपासून नैसर्गिक रीतीने बनलेली, न बिघडलेली वाइनच हवी. आपल्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यालाही हे ठाऊक होते. म्हणून तर धर्मविधीसाठी मद्य वापरण्याची परवानगी देण्याची तरतूद त्यात करण्यात आली.

प्रोटेस्टंटांचे म्हणाल, तर मार्टिन ल्यूथरची पत्नी घरी बिअर गाळत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस केंटकीत एलायजा क्रेग या बाप्टिस्ट उपदेशकाची स्वतःची मद्याची भट्टी होती. बाप्टिस्ट उपदेशकाची! १७८४ मध्ये बेंजामिन रश या वैद्याने कडक दारूविरुद्ध पुस्तिका लिहिली, तीतही वाइन आणि बिअर यांना अभय होते. १८२६ मध्ये अमेरिकन मद्यनिषेध संस्था निघाली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मर्यादेचा उपदेश मागे पडून संपूर्ण वर्जनाचा आग्रह आला. कारणे सामाजिक होती आणि खरीही होती. स्वस्त व्हिस्कीने कामगारांची घरे उद्ध्वस्त होत होती आणि मार खाणाऱ्या बायकांना कायद्याचा आधार नव्हता. १८७४ मध्ये स्त्रियांचा ख्रिस्ती मद्यनिषेध संघ स्थापन झाला, तो या दुःखातून. आपल्या पंडिता रमाबाई अमेरिकेत गेल्या, तेव्हा त्यांना याच संघाच्या स्त्रियांचा मोठा आधार लाभला. त्या स्त्रियांच्या तळमळीला नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु सामाजिक सुधारणेची चळवळ एक आणि दैवी आज्ञा दुसरी. अमेरिकेने त्या दोहोंची गल्लत करून १९२० मध्ये देशभर दारूबंदी आणली. त्यातही चर्चच्या विधींसाठी लागणाऱ्या वाइनला सूट द्यावी लागली आणि १९३३ मध्ये सारा प्रयोग गुंडाळावा लागला.

मायदेशी गुंडाळलेला हा माल आमच्या डोंगरांत मात्र शाश्वत धर्म म्हणून टिकून राहिला. १८७२ मध्ये एडवर्ड क्लार्क या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्याने आओ नागांमध्ये काम सुरू केले. पुढे मंडळीत राहायचे तर भाताचे मद्य सोडलेच पाहिजे, ही अट कडक होत गेली. मिझो टेकड्यांत वेल्श प्रेस्बिटेरियन आले आणि ‘झू’ची जागा चहाने घेतली. हे मद्य म्हणजे गुत्त्यातील विष नव्हते. ते अन्न होते, शेतातील श्रमाचा शिधा होता, पाहुण्याचा मान होता. नागांच्या पुण्यभोजांना त्यावाचून पूर्तता नव्हती. हे केवळ आम्हीच म्हणतो असे नाही. ब्रिटिश सनदी अधिकारी जे. पी. मिल्स याने १९२६ मध्ये आओ नागांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा मिशनच्या या मद्यबंदीवर त्याने स्पष्ट टीका केली. मिल्स काही आपल्या शाखेत जात नव्हता.

मिशनरींची बाजू अशी की, हे मद्य जुन्या देवतांच्या बळीविधींशी जोडलेले होते. ते सोडल्यावाचून जुना धर्म सुटला नसता. युक्तिवाद प्रामाणिक आहे. म्हणूनच तो उघडपणे मांडायला हवा. मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा हाच पेच करिंथमध्ये पौलापुढे आला होता आणि त्याने त्या मांसाला पाप ठरवले नाही. दुर्बळ बंधू अडखळेल तेथे प्रेमापोटी ते टाळा, एवढेच सांगितले. म्हणजे नागा आजीला ‘तुझे मडके पापी आहे’ असे सांगण्यात आले, ते पापासाठी नव्हे, तर तिच्या देवांसाठी. मिझो चर्चने एके काळी ढोलही त्याज्य ठरवला होता. पुढे पुनरुज्जीवनाच्या लाटेत तोच ढोल उपासनेत वाजू लागला. ढोलाचे पाप धुतले गेले, मडक्याचे नाही.

आणि कायद्याने साधले काय? दिमापूरची वेस ओलांडली की आसामातील खटखटीत दारूची दुकाने ओळीने उभी आहेत. मिझोरामने १९९७ मध्ये बंदी अमलात आणली, २०१५ मध्ये उठवली, २०१९ मध्ये पुन्हा लादली. मध्यंतरी २००७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून द्राक्षांच्या वाइनला वाट करून देण्यात आली, कारण चंफाई भागातील शेतकऱ्यांची द्राक्षे विकली जायला हवी होती. भाताचे पेय पाप आणि द्राक्षाचे पेय रोजगार! अखेर २०२५ मध्ये विधानसभेने आणखी एक दुरुस्ती करून स्थानिक पिकांपासून बनणाऱ्या सौम्य पेयांना परवानगी दिली.

दारूने घरे मोडतात, हे आम्हाला कोणी शिकवण्याची गरज नाही. १९०८ मध्ये लोकमान्यांच्या प्रेरणेने पुण्यात दारूच्या दुकानांपुढे स्वयंसेवक उभे राहिले होते, ते सामाजिक कळवळ्याने. त्यासाठी कोणाच्या आजीला नरकाची भीती घालावी लागली नव्हती. चर्च परिषदांनीही आपल्या सभासदांना मद्यत्याग जरूर सांगावा, सरकारकडे निर्बंधही मागावेत. पण ते सांगताना हा आमच्या परंपरेचा एकोणिसाव्या शतकातील नियम आहे, येशूची आज्ञा नव्हे, एवढे कोहिमाच्या व्यासपीठावरून एकदा तरी उच्चारावे. गोव्यातील कॅथलिक धर्मबंधू पापात बुडालेले आहेत काय, या प्रश्नाचे उत्तरही त्याच व्यासपीठावरून मिळाले, तर बरे होईल.