गिटार सुरात राहत नाही? पेग बदलण्याआधी हे वाचा

अमरावती असो की अकोला, गिटार शिकणाऱ्या मुलाची पहिली गिटार बहुधा चार-पाच हजारांच्या आतबाहेरची असते. दोन-तीन महिन्यांत ती सूर सोडू लागते. मग मित्र सल्ला देतात, ‘पेग बदल, चांगल्या कंपनीचे टाक.’ पण नामांकित परदेशी कंपनीच्या पेगचा संच स्वस्त गिटारच्या किमतीजवळ जाऊ शकतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : दोष खरेच पेगचा आहे का? बहुतेक वेळा तो नसतो.

पेग सहसा का सरकत नाही?

सतार किंवा तानपुऱ्याची लाकडी खुंटी निमुळती असते आणि केवळ घर्षणावर टिकते. म्हणूनच ती सरकू नये यासाठी वादक तिला खडू लावतात. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांनाही हाच नियम लागू आहे.

गिटारचे यंत्र वेगळे आहे. त्यात मळसूत्रासारखे आटे असलेली दांडी एका दातेरी चाकाला फिरवते. दांडी चाकाला फिरवू शकते. पण तारेच्या ओढीने चाक उलटे फिरून दांडीला फिरवू शकत नाही. दाते शाबूत असतील तर स्वस्त पेगही ‘आपोआप’ सैल होत नाही. त्यात असते ती थोडी ढिलाई. त्यावर फुकटचा उपाय आहे : तार नेहमी खालच्या सुरातून वर चढवत जुळवा. सूर वर गेला तर तार आधी पुरेशी उतरवा आणि पुन्हा चढवा.

मग सूर जातो कुठे?

तीन ठिकाणी पाहा.

१. तारा : नव्या तारा सुरुवातीला ताणल्या जातात, गंजलेल्या तारा सुरात लागत नाहीत. पेगवर दोन-तीन नीटनेटके वेढे पुरतात. एकावर एक चढलेले वेढे घसरतात.

२. नट : फ्रेटबोर्डच्या टोकाची ही पांढरी पट्टी. तिच्या खाचेत तार अडकली की पेग फिरवताना ‘टिक्’ असा आवाज येतो आणि सूर एकदम उडी मारतो. खाचेत पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली की बऱ्याचदा काम भागते.

३. हवा : मे महिन्यात वऱ्हाडात पारा ४५ अंशांवर जातो. तापलेली तार सैल होते, सूर उतरतो. बाहेर कोरडी हवा आणि खोलीत कूलरचा दमटपणा. लाकूड ओलावा शोषते, सोडते आणि हलते. गिटार कूलरच्या झोतासमोर किंवा उन्हातल्या गाडीत ठेवणाऱ्याने पेगला दोष देऊ नये.

यानंतर पेगचे सगळे स्क्रू आणि पुढच्या बाजूची कॉलर हलक्या हाताने घट्ट करा. अनेक ‘खराब’ पेग इथेच बरे होतात.

बदलायचे कधी?

पेग फिरवूनही सूर हलत नसेल, दाते झिजले असतील, तार गुंडाळायचा खांब डगमगत असेल किंवा मूठ तुटली असेल, तर बदल आवश्यक आहे.

निवड कशी करावी?

ऑनलाइन ‘ट्युनर’ शोधले की सूर दाखवणारे क्लिपचे उपकरण समोर येते. ‘मशीन हेड’ असे शोधा. त्याआधी गिटार मोजा.

- मांडणी : दोन्ही बाजूंना तीन-तीन, की एकाच बाजूला सहा? तिन्ही एकाच पट्टीवर, की सुटे?
- भोक : बंद पेटीच्या पेगला बहुधा १० मिमीचे भोक लागते, जुन्या पद्धतीच्या उघड्या पेगचे भोक लहान असते. लहान भोक घरच्या ड्रिलने मोठे करू नका, लाकूड चिरते.
- स्क्रूची जागा : जुन्या स्क्रूंची भोके नव्या पेगशी जुळली तर निम्मे काम वाचते.
- नायलॉन तारांची गिटार : हिचे जाड रोलर वेगळे असतात, त्यांच्या मध्यांमधले अंतर साधारण ३५ मिमी असते. दुसऱ्या प्रकारचे पेग इथे बसत नाहीत.

मापासाठी व्हर्निअर कॅलिपर हवा. अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो असतो, लेथच्या वर्कशॉपमध्येही मिळतो.

१८:१ घ्यावा की १४:१?

१४:१ म्हणजे मूठ १४ वेळा फिरवल्यावर खांब एकदा फिरतो. खांब ६ मिमी जाडीचा असेल तर मुठीच्या एका फेरीत सुमारे १.३ मिमी तार गुंडाळली जाते. १८:१ मध्ये सुमारे १ मिमी. म्हणजे १८:१ मध्ये बारीक जुळवणी सोपी होते, सूर जास्त टिकतो असे नाही. जाहिरातीतला हा आकडा पाहून दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. मापात बसणारा, न डगमगणारा साधा संच पुरे.

मुद्दा पैशांपुरता नाही

गिटार बेसूर वाजली की नवशिक्याला वाटते, आपल्यालाच कान नाही. घरचेही म्हणतात, ‘आधीच सांगितले होते.’ महिनाभरात वाद्य कपाटावर जाते. महागडे पेग लावूनही नटची खाच अडलेलीच राहिली तर शेवट हाच होतो, फक्त खर्च वाढतो. म्हणून क्रम साधा ठेवावा : आधी नव्या तारा, मग पेन्सिल, मग स्क्रूड्रायव्हर, आणि सर्वांत शेवटी नवे पेग. वाचलेल्या पैशांत महिन्या-दोन महिन्यांची शिकवणी होते, आणि नवशिक्याला पेगपेक्षा तिची गरज जास्त असते.