नावानिशी ऐकावे

आम्ही दोघे बीड जिल्ह्यात अंबाजोगाईला मराठी शिकवतो. संगीत हा आमचा विषय नव्हे. आम्ही केवळ ऐकणारे. तरीही संगीताविषयी चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत, कारण येथे मांडायचा मुद्दा स्वरांचा नसून नावांचा आहे. आणि ही रचना कोणाची, हा पाठ कोणाचा, या प्रश्नांशी मराठीच्या अध्यापकाचा रोजचाच संबंध येतो.

आमच्या लहानपणी गावात गाणे येई ते आकाशवाणीच्या परभणी केंद्रावरून, गणपतीच्या मांडवातल्या कर्ण्यातून आणि कॅसेटमधून. विकतची कॅसेट क्वचित. बहुधा एकाची दुसऱ्याने उतरवून घेतलेली. आतल्या कागदावर बॉलपेनने लिहिलेले असे: 'भजने', 'भीमगीते', 'नाट्यसंगीत मिश्र'. कोण गाते आहे हे आवाजावरून ओळखायचे; नाही ओळखले तरी कोणाचे काही अडत नसे. अल्बम ही एक अखंड वस्तू असते, तिला आरंभ आणि शेवट असतो, तिच्या दोन बाजूंमध्ये काही नाते असते, हे आम्हांला पुष्कळ उशिरा, तिशी ओलांडल्यावर कळले. तेही कधी न भेटलेल्या माणसांकडून. जालावर जमलेल्या श्रोत्यांचे एक मंडळ होते. कोणी इंदूरचा, कोणी बेळगावचा, कोणी अमेरिकेत स्थायिक झालेला. आपल्या आवडीचा अल्बम सुचवायचा आणि तो का ऐकावा हे थोडक्यात सांगायचे, एवढाच तेथला रिवाज.

त्या मंडळाने आमच्या पदरात टाकलेले पहिले मोठे दान म्हणजे उस्ताद अमीर खाँ यांची ती प्रसिद्ध तबकडी: एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. तोवर मारवा आम्ही केवळ पुस्तकात वाचला होता. मारवा सूर्यास्ताचा, दरबारी मध्यरात्रीचा. तबकडी उलटायला लागणाऱ्या अर्ध्या मिनिटात अख्खा संधिकाल सरून जातो. ही गंमत दोन राग सुटे ऐकणाऱ्याला कळणार नाही. मग किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची तबकडी आली. मग 'शिवकल्याण राजा'. त्यातली गाणी आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनांत सुटी सुटी शेकडो वेळा ऐकली होती. परंतु शिवराज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, 1974 मध्ये, तो संच एका सूत्रात बांधून आला होता, हे ध्यानात आल्यावर तीच गाणी आम्हांला नव्याने ऐकू आली.

सर्वांत अनपेक्षित ठरला तो माइल्स डेव्हिस यांचा 'काइंड ऑफ ब्ल्यू', 1959 सालचा. जाझ हा शब्दही आमच्या घरी कोणी उच्चारला नव्हता. या अल्बमची शिफारस करणाऱ्याने वाद्यांविषयी जवळजवळ काहीच लिहिले नव्हते; त्याने नावे लिहिली होती. पियानोवर बिल एव्हान्स, मात्र एका रचनेपुरता विंटन केली. आरंभीच्या काही प्रतींवर दोन रचनांची नावे उलटसुलट छापली गेली होती, हेही त्याने सांगितले. आणि एक बाजू मूळ वेगापेक्षा किंचित जलद उतरली होती. ती चूक 1992 मध्ये दुरुस्त झाली. एका रचनेपुरत्या वाजवणाऱ्याचे नाव सुटू नये म्हणून इतकी काळजी! आम्हांला त्या संगीताइतकेच या काळजीचे नवल वाटले.

आज मागे वळून पाहता वाटते की, त्या मंडळाने आम्हांला जे दिले ते केवळ ध्वनी नव्हते. ध्वनी हल्ली कोठेही मिळतो. आमच्या बसस्थानकाबाहेरच्या दुकानात थोड्या पैशांत मेमरी कार्ड गाण्यांनी गच्च भरून मिळत असे. दिवाळीनंतर ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांवर तीच गाणी मोठ्याने वाजत जात. त्यांची रुची हलकी असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. थंडीत रात्रभर उघड्यावर प्रवास करणाऱ्यांना त्या गाण्यांचा आधार होता. पण कार्डात गेलेल्या गाण्याचे नाव पुसले जाई. उरे तो केवळ एक अनुक्रमांक.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी मात्र नावाची चिंता होती. 1902 मध्ये गौहर जान यांचे गाणे कलकत्त्यात मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या जर्मनीत हानोव्हरला तयार होत. तेथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावे, हा त्यामागचा व्यवहार. व्यवहारापोटी उच्चारलेले ते नाव आज शंभराहून अधिक वर्षे त्या स्वरांना चिकटून आहे.

आता आमच्या हातून घडलेली चूक. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' हा संग्रह 2017 पासून प्रसिद्ध करू लागले. त्यात आमच्याच जिल्ह्यातील माजलगाव तालुक्याच्या भीमनगर वस्तीतल्या स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर गाइलेल्या ओव्या आहेत, 1996 साली मुद्रित केलेल्या. अल्बम म्हणून त्या कधी बाजारात आल्या नाहीत. पण आमच्या आवडीच्या अल्बमांत आम्ही त्यांना वरचे स्थान देतो. लोकसाहित्याच्या तासाला त्यातली एक ओवी आम्ही वाजवली. पेनड्राइव्हवर आमचे नाव होते 'ओवी 1'. वाजवून झाल्यावर सवयीने म्हणालो, "ही पारंपरिक रचना आहे."

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, ह्या कोण गातात?"

आम्ही पुन्हा परंपरेचा महिमा सांगू लागलो. ती म्हणाली, "ते कळलं सर. पण आवाज तर एकाच बाईचा आहे ना?"

उत्तर आमच्यापाशी नव्हते. घरी येऊन पाहिले तर मूळ ठिकाणी सगळे होते: राधाबाई बोऱ्हाडे, वाल्हाबाई टाकणखार ही नावे, गाव, तालुका, साल. ज्यांनी जमवले त्यांनी काहीही सांडले नव्हते. सांडले ते आम्ही, स्वतःच्या संगणकावर, दोन अक्षरे लिहिण्याच्या आळसापायी. ज्या दोघांना विंटन केलीचे नाव पाठ होते त्यांना माजलगावच्या बाईचे नाव ठाऊक नव्हते. याला केवळ विसरभोळेपणा म्हणून सुटता येणार नाही. कोणाचे नाव जपण्याजोगे आणि कोण नुसते 'पारंपरिक', याची एक प्रतवारी आमच्या कानांत आधीपासून बसलेली होती, आणि त्या प्रतवारीत जात आणि बाईपण दोन्ही होते.

यावर कोणी म्हणेल की, ओवी ही सर्वांची. तिला कर्तृत्वाचा शिक्का लावणे ही आधुनिक हौस. चाल सर्वांची असेल, कल्पनाही पिढ्यान्‌पिढ्यांची असेल. परंतु त्या दिवशीचा तो श्वास, तो कंप एकीचाच असतो. आणि नाव लावणे आपल्या परंपरेला परके कधी होते? परळीपासून जवळच असलेल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी दळणकांडणाच्या अनुभवातून अभंग रचले आणि त्यांवर आपली नाममुद्रा उमटवली. ती मुद्रा नसती तर त्यांनाही आपण आज 'पारंपरिक' म्हणून मोकळे झालो असतो.

आमच्या अंबाजोगाईच्या दासोपंतांनी विपुल पदे रचली. ती शब्दांनी आपल्यापर्यंत पोहोचली. ते स्वतः ती कशी गात हे मात्र आता कोणी सांगू शकणार नाही. त्या काळी आवाज राखून ठेवण्याचे साधन नव्हते, म्हणून त्या हानीबद्दल कोणाला दोष देता येत नाही. आमच्या हाती मात्र आवाजही आहे आणि नावही. त्यातले एक टाकून देण्याला कोणती सबब सांगणार?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. दुसऱ्याकडून आलेले गाणे पुढे देताना ते नावानिशी द्यावे: गाणारा, साथ करणारे, ठिकाण, साल. जे ठाऊक नसेल तेथे 'पारंपरिक' न लिहिता प्रामाणिकपणे 'नाव मिळाले नाही' असे लिहावे, म्हणजे शोधणाऱ्याला जागा राहते. अनोळखी श्रोत्यांनी आम्हांला जे अल्बम दिले त्यांचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग आम्हांला दिसत नाही.

पुढच्या तासाला आम्ही ती ओवी पुन्हा वाजवली. आधी फळ्यावर गाणाऱ्या बाईचे नाव लिहिले. त्या मुलीने ते वहीत उतरवून घेतले.